झेब्रा क्रॉसिंगवर गाडी थांबवायची कशी? नव्या चालकांसाठी

लायसन्स हातात आलंय, मागच्या काचेवरचा लाल ‘एल’ काढायचा धीर अजून झालेला नाही, आणि पुढे झेब्रा क्रॉसिंगच्या कडेला चार माणसं खोळंबली आहेत. थांबायला हवं हे तुम्हाला ठाऊक आहे. लर्निंगच्या परीक्षेत हा प्रश्न येतो आणि बहुतेकांचं उत्तर बरोबर येतं. रस्त्यावर मात्र क्वचितच कुणी थांबतं. का, म्हणून विचारलं तर एकच उत्तर मिळतं: ‘थांबलो तर मागचा येऊन ठोकेल.’

ही भीती उगाच नाही. ड्रायव्हिंग स्कूलचे सगळे दिवस हाफ क्लच आणि रिव्हर्समध्ये जातात. झेब्रावर मागच्याला सांभाळून कसं थांबायचं हे कुणी शिकवत नाही. मी गाडी शिकले चाळिशीत. त्याआधी सगळं आयुष्य पीएमपीनं, म्हणजे पुण्याच्या सिटी बसनं, आणि पायी, त्यामुळे झेब्राच्या दोन्ही बाजूंनी उभी राहिले आहे. पादचाऱ्याचा जीव झेब्रावर वाचत नाही, त्याच्या चाळीस-पन्नास मीटर आधी तुम्ही काय करता त्यावर वाचतो, असं माझं पक्कं मत झालंय. खालचं सगळं त्या पन्नास मीटरांबद्दल आहे. उदाहरणं पुण्याची, कारण गाडी इथेच चालवते. नियम देशभर तेच.

एक आकडा आधीच सांगून ठेवते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती.

आधी तयारी: काय काय हवं

- लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली प्रत चालते, पण फोनची बॅटरी संपलेली चालत नाही.
- चालू असलेला थर्ड पार्टी विमा. पादचाऱ्याला इजा झाली तर भरपाई यातूनच मिळते. नव्या कारला तो तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, म्हणून मुदत कधी संपली ते कळतच नाही. तारीख आजच बघा.
- पेटणारे ब्रेक लाइट. रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी लावा, ब्रेक दाबा आणि आरशात भिंतीवरचा लाल उजेड बघा. दोन्हीकडे सारखा दिसला पाहिजे. या लेखातली निम्मी युक्ती या दोन दिव्यांवर उभी आहे.
- टायरची नक्षी. कारला किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. पावसाळ्याच्या तोंडावर टायरवाल्याकडून बघून घ्या.
- आतूनही पुसलेली काच. बाहेरून गाडी रोज धुतात, आतली धुरकट साय कुणी पुसत नाही, आणि रात्री समोरून दिवे आले की तीच चमकते.
- काळ्या फिल्मशिवायच्या काचा. पुढच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यावा असा नियम आहे. दंडाचं सोडा; रस्ता ओलांडणाऱ्याला तुमचा चेहरा दिसला नाही, तर तुम्ही त्याला पाहिलंय की नाही हे त्याला कळणार कसं?

१. नियम नेमका काय म्हणतो

गाडी चालवण्याचे केंद्राचे नियम २०१७ मध्ये नव्यानं आले. त्यांत सिग्नल नसलेल्या झेब्राबद्दल स्पष्ट लिहिलंय: वेग कमी करा, थांबा, आणि पायी चालणाऱ्यांना व व्हीलचेअरवरच्यांना आधी जाऊ द्या. हॉर्न वाजवून पुढे जाण्याची सोय त्यात नाही. पुढे गाड्या तुंबल्या असतील आणि झेब्रा पूर्ण पार करता येणार नसेल, तर अलीकडेच थांबायचं. फूटपाथवर गाडी चढवायची नाही; दुचाकीवाल्यांनी हे दोनदा वाचावं.

पांढरी काठी घेतलेली व्यक्ती रस्ता ओलांडत असेल तर ती काठी हीच थांबण्याची खूण मानायची. हा लर्निंगच्या परीक्षेतला ठरलेला प्रश्न आहे, आणि परीक्षेनंतर सर्वांत आधी विसरला जाणाराही.

पैशांचं बोलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. लाल सिग्नल तोडणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक चालवण्याच्या कलम १८४ मध्ये मोडतं. तिथे पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते वर्षभराची कैद, किंवा दोन्हींची तरतूद आहे.

२. झेब्रा लांबून ओळखा

पट्टे दिसले की थांबू, असं ठरवलंत तर फसाल. पावसाळा संपेपर्यंत निम्मे पट्टे पुसलेले असतात आणि उरलेले पुढच्या गाडीखाली झाकलेले असतात. म्हणून पट्ट्यांऐवजी त्यांच्या आसपासच्या खुणा शोधायची सवय लावा: दुभाजकात सोडलेली माणूसभर फट, उतार दिलेला फूटपाथ, तांबड्या किनारीच्या त्रिकोणात चालणारा माणूस किंवा दप्तरवाली मुलं, बसथांबा, शाळेचं फाटक, देवळासमोरची फुलांची टोपली, क्लास सुटायच्या वेळी सायकलींचा घोळका.

थांब्यावर उभी असलेली बस दिसली की तिच्या पुढून कुणीतरी येणारच, असं धरूनच चाला. उतरलेल्या माणसाला बस जाईपर्यंत थांबायचा धीर नसतो, आणि बसपुढून बाहेर पडेपर्यंत त्याला तुम्ही दिसत नाही, तुम्हाला तो.

माणसंही वाचता आली पाहिजेत. लक्ष्मी रस्त्याच्या एखाद्या तोंडाशी पाच मिनिटं उभं राहून बघा. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या आजी एक पाय फूटपाथखाली टाकतात, परत घेतात, पुन्हा टाकतात. तिसऱ्यांदा टाकलेला पाय मागे येत नाही. कॉलेजची मुलं फोनवर बोलत निघतात, पण कळपानं. पहिला निघाला की मागचे बघत नाहीत. आणि मग ती आपली खास खूण: कमरेच्या उंचीवर तळवा तुमच्याकडे धरून, मान मात्र सरळ समोर ठेवून निघालेले काका. तो तळवा दिसला की समजा, काका निघाले. ते परत फिरणार नाहीत, वेगही बदलणार नाहीत. खरं तर हा सर्वांत सोपा पादचारी, कारण त्याचं पुढचं पाऊल तुम्हाला आधीच ठाऊक असतं. अवघड असतो तो हॉर्न ऐकून दचकणारा. म्हणून झेब्रावरच्या माणसाला हॉर्न देऊ नका. निम्म्यात पोचलेला माणूस दचकून मागे पळाला की तुमचा सगळा अंदाज चुकतो.

३. वेग आधी उतरवा

५० च्या वेगानं गाडी सेकंदाला साधारण १४ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एक सेकंद धरा, पुढे कोरड्या रस्त्यावर ब्रेक पूर्ण दाबून गाडी थांबायला आणखी तेवढंच अंतर. म्हणजे २८ मीटर. ३० च्या वेगानं हाच हिशेब १३ मीटरच्या आसपास येतो. पीएमपीची मोठी बस १२ मीटर लांब असते; ३० ला तुम्ही साधारण एका बसच्या लांबीत थांबता, ५० ला दोन बसमध्येही थांबत नाही. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर सहज दुप्पट होतं.

तेव्हा झेब्राच्या खुणा दिसल्या की माणूस असो वा नसो, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून ब्रेकवर नुसता टेकवून ठेवा. ३० च्या खाली आलात की पुढचं सगळं शांतपणे करता येतं.

आणि वेळेचा हिशेबही करून टाका. साधारण चालीनं माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आतबाहेर चालतो. तुमची साडेतीन मीटरची लेन तो तीन सेकंदांत पार करतो. वयस्कर माणसाला चार-पाच लागतील. नळ स्टॉपच्या सिग्नलला तुम्ही यापेक्षा कितीतरी जास्त वेळ बसता.

४. मागच्याला सांगून थांबा

आता मूळ भीतीकडे. मागचा ठोकतो तो तुम्ही थांबलात म्हणून नव्हे, तुम्ही थांबणार हे त्याला कळलं नाही म्हणून. ते कळवायचा क्रम असा.

पहिल्यांदा मधला आरसा. मागे काय आहे, किती चिकटून आहे? मग ब्रेकला दोन-तीनदा हलकेच स्पर्श, वेग फारसा न उतरवता, नुसते मागचे दिवे लुकलुकावेत इतपत. मागचा माणूस फोनमधून मान वर काढतो. त्यानंतर खरा ब्रेक, हळूहळू वाढवत.

गिअरच्या गाडीवाल्यांसाठी एक सापळा: तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकून इंजिनच्या जोरावर वेग उतरवायला आपल्याला शिकवलेलं असतं. गाडी छान मंदावते, पण मागचा लाल दिवा पेटत नाही. मागच्याला काहीच कळत नाही. गिअर उतरवा, पण सोबत ब्रेकवर पाय टेकवा.

काच खाली असेल तर उजवा हात बाहेर काढून, तळवा जमिनीकडे करून वरखाली हलवा. जुने एसटी ड्रायव्हर अजून हे करतात आणि मागची दुचाकी या हाताला दिव्यापेक्षा लवकर ऐकते. दुचाकीवर तर हे आणखी सोपं आहे.

थांबायचं ते झेब्राला नाक लावून नको, दोन-तीन मीटर अलीकडे. समजा एवढं करूनही मागून धक्का बसलाच, तर गाडी माणसांवर जाण्याऐवजी त्या मोकळ्या जागेत जाईल. थांबल्यावर पाय ब्रेकवरच ठेवा. हॅण्डब्रेक ओढून पाय काढलात तर लाल दिवा विझतो, आणि लांबून येणाऱ्याला वाटतं की तुम्ही चालताय.

कधी थांबू नये? मागे टेम्पो बंपरला चिकटलेला आहे, वेग उतरवायला उशीर झालाय आणि माणूस अजून फूटपाथवरच आहे, तर कचकन ब्रेक मारू नका; वेग उतरवत निघून जा. पण रस्त्यावर पाऊल पडलेलं असेल तर मागे कोण आहे याचा विचार करायचा नाही. पत्रा दुरुस्त होतो.

५. थांबलात, आता शेजारची लेन

इथे चांगली, सभ्य माणसंही घोटाळा करतात, म्हणून जरा सविस्तर.

कर्वे रस्त्यासारख्या दोन-तीन लेनच्या रस्त्यावर तुम्ही थांबता. फूटपाथवरची बाई मुलाला घेऊन उतरते. तुमची गाडी आता भिंत झाली आहे: शेजारच्या लेनमधून येणाऱ्याला ती दोघं दिसत नाहीत, त्यांना तो दिसत नाही. तुम्ही हसून ‘या या’ असा हात केलात की बाईंना वाटतं, रस्ता मोकळा आहे. तुम्ही फक्त तुमची लेन मोकळी केलेली असते.

म्हणून हात करून कुणाला बोलावू नका. नुसते थांबा, नजर द्या, निर्णय त्यांना घेऊ द्या. आणि थांबल्या थांबल्या दोन्ही बाजूंचे आरसे बघा. डावीकडून दुचाकी सटकतेय किंवा उजवीकडून कुणी दामटत येतोय असं दिसलं, तर पादचाऱ्याला तळवा दाखवून थांबवा आणि मागून येणाऱ्याला बाहेर काढलेल्या हातानं वेग कमी करायला सांगा. दोन-तीन मीटर अलीकडे थांबण्याचा दुसरा फायदा इथे होतो: शेजारून येणाऱ्याला ती माणसं थोडी आधी दिसतात.

हेच उलट बाजूनं. शेजारच्या लेनमधली गाडी झेब्रापाशी विनाकारण उभी दिसतेय? ती बंद पडली असेल, असं समजून पुढे काढू नका. तिच्यापुढे कुणीतरी आहे, ते तुम्हाला दिसत नाही एवढंच. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

६. सिग्नलवरचा झेब्रा

इथे झेब्राच्या अलीकडे एक आडवी पांढरी रेघ असते, ती स्टॉप लाइन. चाकं तिच्या अलीकडे हवीत. बसल्या जागेवरून कसं ओळखायचं? थांबल्यावर ती रेघ बॉनेटच्या वर दिसत राहिली पाहिजे. बॉनेटखाली गेली म्हणजे तुम्ही ती ओलांडलीत किंवा ओलांडायच्या बेतात आहात. चौकातले कॅमेरे याचं चलन घरबसल्या पाठवतात. महाट्रॅफिक ॲपवर अधूनमधून बघत जा.

उलटे आकडे दाखवणारे सिग्नल हा आणखी एक सापळा. तीनचा आकडा आला की सगळे रेस करत झेब्रावर सरकतात, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी शेवटचा माणूस मधोमध असतो. हिरवा लागल्यावर आधी उजवीकडे, डावीकडे बघून मग क्लच सोडा. मागून हॉर्न येतील. येऊ द्या.

मागच्याच्या हॉर्नमुळे रेघ ओलांडून पुढे सरकायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. पण पुण्यात राहते, म्हणून सांगते.

डावीकडे वळायला लाल सिग्नलवर मुभा आहे असं अनेकांना वाटतं. ‘फ्री लेफ्ट’ची पाटी किंवा हिरवा बाण असेल तरच आहे, आणि असली तरी तिथल्या झेब्रावर पहिला हक्क चालणाऱ्यांचा.

७. वळताना

वळणारी गाडी सरळ जाणारीपेक्षा पादचाऱ्याला जास्त फसवते. उजवीकडे वळताना काचेच्या कडेचा उजवा खांब तुमच्या डोळ्याजवळ असतो. ज्या रस्त्यात तुम्ही शिरताय तो ओलांडणारा माणूस या खांबामागे अख्खा लपतो, आणि तुम्ही वळत असताना, तो चालत असताना, लपलेलाच राहू शकतो. उपाय साधा आहे: वळण घेण्याआधी धड पुढे झुकवून, मान हलवून खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघा. पहिले काही दिवस चमत्कारिक वाटतं.

डावीकडे वळताना आपण उजवीकडून येणाऱ्या गाड्यांकडे बघत राहतो आणि चाकं डावीकडे फिरवतो. निघण्याआधी शेवटची नजर डावीकडेच टाका.

८. पाऊस आणि रात्र

पावसात छत्री वाऱ्याच्या दिशेला झुकते, रेनकोटची टोपी बाजूचं दिसू देत नाही, आणि सगळे खाली डबकी बघत चालतात. त्यांना तुम्ही दिसणार नाही असं गृहीत धरा. दुचाकीवाल्यांनी ब्रेक पट्ट्यांच्या आधी लावून घ्यावा. ओल्या रंगावर टायर साबणावरून गेल्यासारखा निसटतो. आणि डबक्यातून जाताना वेग उतरवा. अंगावर गढूळ पाणी घेऊन ऑफिसात बसणं काय असतं हे कारवाल्यांना सांगून कळत नाही.

रात्री समोरच्याचा हायबीम डोळ्यांवर आला की तुमच्या आणि त्याच्या मधला माणूस चक्क नाहीसा होतो. दुभाजकापाशी थांबलेल्यांच्या बाबतीत हे हमखास घडतं. तेव्हा वेग उतरवा, नजर रस्त्याच्या डाव्या कडेला ठेवा, आणि स्वतःचा दिवा शहरात लो बीमवरच असू द्या.

सराव कुठे करायचा, असं विचाराल तर रविवारी सकाळी, ओळखीच्या रस्त्यावर. त्याआधी तोच रस्ता एकदा पायी चाला आणि प्रत्येक झेब्रा ओलांडा. तुमच्या नेहमीच्या वाटेवर कुठे माणसं अडकतात ते गाडीतून कळत नाही. पुण्यात ११ डिसेंबरला पादचारी दिनासाठी महापालिका लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद ठेवते; त्या दिवशी जाऊन बघायला हरकत नाही, पण सराव रोजच्या गर्दीतलाच उपयोगी.

९. धक्का लागलाच तर

गाडी थांबवा. १०८ ला रुग्णवाहिकेसाठी, ११२ ला पोलिसांसाठी फोन करा. जखमीला जवळच्या दवाखान्यात पोचवण्याची जबाबदारी मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाचीच आहे. जमाव अंगावर येत असेल तर कायदा त्यातून सूट देतो, पण मग तडक जवळचं पोलीस ठाणं गाठायचं. कळवायला उशिरात उशीर म्हणजे २४ तास. पळून जाऊन कुणाचं भलं झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे: रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळतात. रुग्णालयात पोचल्यावर पैशांची घासाघीस सुरू झाली तर हे ठामपणे विचारा. मदतीला थांबलेल्या लोकांना पोलिसांच्या भानगडीची धास्ती असते; २०१९ च्या दुरुस्तीनं अशा मदतनिसांना संरक्षण दिलंय, हेही त्यांना सांगा.

विमा कंपनीला लेखी कळवायचं. त्यात पॉलिसी क्रमांक, अपघाताची तारीख, वेळ, जागा, जखमींचा तपशील, चालकाचं नाव आणि लायसन्सचा तपशील लागतो. हे सगळं एका कागदावर लिहून आरसीच्या प्रतीसोबत गाडीत ठेवा, फक्त तारीख, वेळ, जागा आणि जखमींच्या रकान्यांपुढची जागा कोरी सोडून.